पूल

विमानातून उडी मारलेल्या माणसाला खालची जमीन दिसते, जमिनीवरची माणसंही दिसतात. ती कुणाची आहेत, ते मात्र दिसत नाही. 11 डिसेंबर 1971 ची संध्याकाळ. दिवस मावळायला आला होता. छत्री उघडली, खांद्यांना हिसका बसला आणि मी खाली पाहिलं. कापलेल्या भातखाचरांतून, तळ्यांच्या काठांवरून, मोहरीच्या पिवळ्या पट्ट्या तुडवत माणसं धावत येत होती. दहा-वीस नव्हे, गावंच्या गावं. लुंग्या वर खोचलेल्या, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात काय ते उंचावरून कळत नव्हतं. आणि सगळी नेमकी आम्ही उतरणार तिथंच जमत होती. छत्रीला लटकलेल्या माणसासारखं असहाय कुणी नसतं. आग्र्याला प्रशिक्षणात आम्हाला सगळं शिकवलं होतं. विमानातून बाहेर कसं पडायचं, पाय कसे जुळवायचे, कसं लोळायचं. आपल्याकडे धावत येणाऱ्या माणसांच्या मनात काय आहे हे वरून कसं ओळखायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

पाय टेकले ते चिखलात. लोळलो, उठलो, छत्री तशीच सोडून आधी रायफल हातात घेतली. सगळ्यांत पुढचा माणूस दहा पावलांवर येऊन थबकला. पन्नाशीचा, हाडकुळा, खांद्यावर गमछा. त्यानं दोन्ही हात वर केले. शरण येणारा माणूस हात वर करतो तसे ते वाटले, म्हणून मी जागचा हललो नाही. मग तो ओरडला, "जॉय बांग्ला!" आणि त्याच्या मागून अख्ख्या शिवारानं तेच ओरडून उत्तर दिलं.

मी रायफल खाली घेतली. हात थरथरत होते. ते त्यानं पाहिलं असावं, कारण माझी छत्री गोळा करता करता तो हसला.

आमची पलटण 2 पॅरा. मूळची ती 3 मराठा. स्वातंत्र्याच्या सुमारास छत्रीधारी झाली, पण कंसातला 'मराठा' तिनं सोडला नाही. लेफ्टनंट कर्नल पन्नू आमचे कमांडिंग ऑफिसर. काम सांगायला सोपं होतं. जमालपूर आणि मयमनसिंहकडून पाकिस्तानी फौज ढाक्याकडे मागे हटणार. तिची वाट टांगाईलच्या उत्तरेला पुंगलीच्या पुलावर अडवायची. कलाईकुंडा आणि डमडमहून विमानं उडाली. आम्ही सगळे मिळून सातशेच्या आसपास. दुसऱ्या दिवशी परदेशी वर्तमानपत्रांनी पाच हजार उतरल्याचं छापलं. जुन्या सरावाचा एक फोटो, आकाशभर छत्र्या असलेला, आमच्या प्रसिद्धीवाल्यांनी त्यांना दिला होता म्हणे. ढाक्यात त्या आकड्यानं घबराट उडाली. म्हणजे आमच्यातला प्रत्येक जण सात-सात जणांचं लढला, असं आम्ही नंतर कँटीनमध्ये म्हणायचो, आणि पेन्शन मात्र एकाचीच मिळते, असंही.

त्या संध्याकाळी आमचं बरंच सामान तळ्यांत आणि चिखलात पडलं. बंगालमध्ये जमीन कमी आणि पाणी जास्त, हे नकाशात दिसतं. पण मी माण तालुक्यातला. एवढं पाणी एका जागी पाहिलं की माझा विश्वासच बसायचा नाही. दारूगोळ्याच्या पेट्या त्या पाण्यातून आम्ही एकट्यानं काढत बसलो असतो तर रात्र गेली असती. गावकऱ्यांनी तळ्यात उड्या घेतल्या. म्हातारे, शाळकरी पोरंसुद्धा. डोक्यावर पदर घेतलेल्या बाया काठावर उभ्या राहून कंदील धरत होत्या. पेट्या हातोहात बाहेर आल्या, डोक्यावर चढल्या, आणि पेट्या वाहणाऱ्यांची रांग आमच्या पुढे चालू लागली. आमच्यापेक्षा त्यांना वाट ठाऊक होती. कादेर सिद्दिकीच्या मुक्तिवाहिनीची, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांची, पोरं आधीपासून त्या मुलखात होती. बाघा सिद्दिकी म्हणत त्याला. आम्ही कुठे उतरणार हे ठरवण्यात त्यांचा हात होता.

आमच्यात एक हवालदार होते, 1961 ला गोव्यात गेलेले. तेव्हा पलटण फोंड्याच्या वाटेनं गेली होती. ते म्हणायचे, तिथंही माणसं रस्त्यावर आली होती, हार घेऊन. "पण तिथं मराठीतनं बोलत होती रं," ते म्हणाले. "पूल उडवलेत, पलीकडनं जा, पाणी कमी आहे, असं शब्दाला शब्द कळायचं. हितं नुसतं हसून भागवायचं."

नुसतं हसून भागलं नाही, हे सांगायलाच मी हे लिहायला बसलोय. पण आधी पाण्याचं सांगतो.

कलकत्त्याकडे आम्ही महिनाभर होतो. तिथले हिंदू पाण्याला 'जल' म्हणतात, उच्चार 'जोल'. मला तो शब्द पूजेतला वाटायचा, तहानेचा नव्हे. टांगाईलच्या त्या शेतात मी घसा कोरडा पडून, सवयीनं, मराठीत म्हणालो, "पाणी." तर एक पोरगा पळतच गेला आणि पितळी लोटा घेऊन आला. पूर्व बंगालचा मुसलमान शेतकरी पाण्याला पाणीच म्हणतो. भाताला भात म्हणतो, हातालाही हात. घरापासून इतक्या लांब येऊन आपल्या आईच्या तोंडचा शब्द कुणी उचलून परत आपल्याच हातात दिला की माणूस वेडा होतो. मग पोरानं मुडी आणली, म्हणजे आपले चुरमुरे, आणि खजुराच्या गुळाचा खडा. उरसात डाळ-चुरमुरे खाल्लेला मी. वाटलं, भाषा म्हणजे काय, आठ-दहा शब्द. ते जुळले की झालं. चोवीस वर्षांचा होतो. गुळानं तोंड गोड झालं होतं आणि आपल्याला बंगाली येतं अशी माझी समजूत झाली.

तेवढ्यात ती म्हातारी आली.

ती गर्दीतून आली नाही. गर्दीच्या कडेकडेनं, एकेका शिपायासमोर थांबत येत होती. पांढरं लुगडं, पाय चिखलानं माखलेले. प्रत्येकाच्या तोंडाला हात लावायची, कंदिलाच्या उजेडात वळवून बघायची आणि पुढच्याकडे जायची. माझे जोडीदार समजले, आशीर्वाद देते आहे. एकानं वाकून पायालाही हात लावला. माझ्यापाशी आली तेव्हा मीही मान खाली घातली. तिनं हनुवटीला धरून माझं तोंड वर केलं. मला म्हणाली, "बाबा." तिकडे म्हातारी माणसं मुलाच्या वयाच्या माणसालाही बाबा म्हणतात. मला गंमत वाटली. आपल्याकडेही वैतागानं म्हणतोच की, अरे बाबा.

मग तिनं विचारलं, "आमार पोला कोई?"

'आमार' म्हणजे आमचं, असं मला वाटलं. 'कोई' म्हणजे कुठं, हे सूर ऐकून कळलं. आणि पोला? त्या दिवशी सकाळपासून आमच्या डोक्यात एकच शब्द होता, पूल. नकाशावर पूल, वाळूवर काढून दाखवलेला पूल, विमानात डोळे मिटले तरी पूल. मला वाटलं, म्हातारी आपल्या गावच्या पुलाचं विचारते आहे. तो शाबूत आहे ना, तुम्ही तो घेणार ना, असं काहीतरी. आणि मला बंगाली येत होतं!

मी हसलो. आमची पुढची तुकडी गेली त्या अंधाराकडे बोट दाखवलं. "पूल? तिकडं, आजी. तिकडं आहे."

तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं. पुन्हा विचारलं, "कोई?" मी पुन्हा हात लांब करून दाखवला, आणि काळजी करू नको अशा अर्थानं तिच्या खांद्यावर थोपटलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या आधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. तिनं माझे दोन्ही हात स्वतःच्या डोळ्यांना लावले आणि त्या दिशेनं चालू लागली. भराभर, बांधावरून.

मला वाटलं, किती साधी माणसं. एवढ्याशा उत्तरानं किती सुखावली.

रात्री आठच्या आधी पूल आमच्या हातात आला. त्यानंतर उत्तरेकडून पाकिस्तानी गाड्यांची रांग आली. पुढे आम्ही बसलो आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. त्या रात्रीचं फार सांगण्यासारखं नाही. सांगतात ते सगळे त्याच रात्रीचं सांगतात. ते पुन्हा पुन्हा चालून आले, आम्ही पुन्हा पुन्हा परतवले, पहाटे गारठ्यात बोटं वाकेनात. मी सामानाच्या टोळीबरोबर दुसऱ्या वाटेनं पुलापाशी पोचलो होतो. म्हातारी वाटेत दिसली नाही. खरं सांगायचं तर मी तिला पाहतही नव्हतो, तिची आठवणच नव्हती. पहाऱ्यावरच्या कुणीतरी तिला माघारी घालवली असेल. आमचे पहारे चोख होते.

12 तारखेला उत्तरेकडून आमची माणसं येऊन मिळाली, आणि ती होती 1 मराठा, जंगी पलटण. जमालपूरहून लढत आली होती. तिथल्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याचं पत्र धाडलं, तर त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ही गोष्ट आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकली. अंधारात समोरून गाड्यांची चाहूल लागली, बोटं ट्रिगरवर गेली, आणि पलीकडून मराठीत शिवी ऐकू आली. बंगालच्या मधोमध, नदीच्या काठी, दोन मराठा पलटणी एकमेकांना मिठ्या मारत शिवाजी महाराजांचा जयजयकार करत होत्या, आणि भोवती जमलेले बंगाली शेतकरी, अर्थ न कळता, जयजयकारात सूर मिळवत होते. शब्द न कळता आनंद करता येतो, एवढाच अर्थ मी त्यातून तेव्हा काढला.

16 डिसेंबरला सकाळी मीरपूरचा पूल ओलांडून आम्ही ढाक्यात शिरलो. आमच्या आधी कुणी नव्हतं. शहर सुरुवातीला गप्प होतं. दारं बंद, खिडक्यांच्या फटीत डोळे. मग एक दार उघडलं. त्यानंतर काय झालं ते तुम्ही फोटोंत पाहिलं असेल. झेंडूचे हार, हिरव्या झेंड्यावर लाल गोल आणि त्यात पिवळा नकाशा, छपरांवर माणसं, गाड्यांच्या टपांवर माणसं, कुठे कुठे अजून गोळ्यांचे आवाज. अनोळखी पुरुष येऊन गालांचे मुके घेत होते. माझ्या गळ्यात इतके हार पडले की रायफलचा पट्टा सापडेना. खरं सांगू? स्वागताची सवय नसलेल्या माणसाला त्याची लाज वाटते. आपण हे कमावलंय का, असा प्रश्न पडतो आणि तो कुणाला विचारता येत नाही. आमच्या आधी नऊ महिने ही माणसं मरत होती, एक कोटीच्या घरात घरंदारं टाकून आपल्याकडे आली होती, यांची पोरं मुक्तिवाहिनीत लढली होती. आम्ही पाच दिवसांपूर्वी आभाळातून पडलो होतो.

गर्दीतून एक सायकलरिक्षावाला वाट काढत आला. खांद्यावर तीनेक वर्षांचं मूल. त्यानं ते मूल उचलून सरळ माझ्या हातात दिलं. मूल रडायला लागलं, हाराच्या फुलांना धरून. बाप छाती ठोकून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमार पोला! आमार पोला!"

मी त्या मुलाकडे पाहत राहिलो.

आमच्याकडे पोर म्हणतात, पोरगा म्हणतात. एका अक्षराचा फरक. पाणी ओळखलं, भात ओळखला, आणि हा शब्द, जो माझी आई दिवसातून पन्नास वेळा उच्चारायची, तो मी ओळखला नाही, कारण माझ्या डोक्यात लोखंडाचा पूल होता. आता मला ती कडेकडेनं येणारी बाई दिसली. ती आशीर्वाद देत नव्हती. ती तोंडं तपासत होती. आभाळातून सातशे तरणी पोरं उतरली. त्यांत एखादं आपलं असेल. आणि एका शिपायानं हसून सांगितलं होतं, आहे, तिकडं आहे, काळजी करू नको.

बाप मूल परत घ्यायला हात पुढे करून उभा होता. मी दिलं. त्यानं मला सलाम केला.

दुपारी रमना रेसकोर्सवर पाकिस्तानी जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली. तो समारंभ मी पाहिला नाही. मी रस्त्यावर होतो. त्याच गर्दीला आता आम्ही हातात हात गुंफून मागे रेटत होतो, कारण पाकिस्तानी शिपाई गाड्यांतून जात होते आणि सकाळी ज्या हातांनी हार घातले, त्या हातांत आता विटा होत्या. त्या पाकिस्तान्यांची हत्यारंही लगेच काढून घेतली नव्हती. आम्ही शहरात इतके थोडे होतो की त्यांना लोकांपासून वाचवायला त्यांचीच हत्यारं लागत होती. 18 तारखेला एका जाहीर सभेनंतर बाघा सिद्दिकीच्या माणसांनी बांधलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकलं. हॉर्स्ट फास आणि मिशेल लॉरां या दोघांनी त्याचे फोटो काढले, पुढच्या वर्षी त्यांना पुलित्झर मिळालं. ज्यांनी आमच्यासाठी शेत मोकळं ठेवलं, तीच ही माणसं. मला तेव्हा त्यांचा राग आला. रायेर बाजार पाहिल्यावर रागाचं काय करायचं ते कळेना.

मोहम्मदपूरला बिहारी मुसलमानांच्या वस्तीवर आमचा पहारा लागला होता. फाळणीनंतर तिकडे गेलेली उर्दू बोलणारी माणसं. त्यांच्यातले पुष्कळ जण पाकिस्तानी लष्कराच्या बाजूला होते आणि आता सगळ्यांवरच बेतली होती. तिथून जवळच रायेर बाजारच्या वीटभट्ट्या. शरणागतीच्या दोन दिवस आधी घराघरांतून उचललेले प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार तिथं पाणथळीत सापडले. हात पाठीमागे बांधलेले, डोळ्यांवर पट्ट्या. मी गेलो तेव्हा नाकाला पदर लावलेल्या बाया चिखलात उतरून एकेकाचं तोंड वळवून बघत होत्या. तसंच. हनुवटीला धरून. मी तिथं थांबलो नाही.

पुढे कधीतरी वाचलं. जहीर रायहान म्हणून सिनेमा दिग्दर्शक होते. त्यांचे भाऊ शहीदुल्ला कैसर, लेखक, 14 डिसेंबरला घरातून नेले गेले. जहीर रायहान त्यांना शोधत होते. 30 जानेवारी 1972 ला भाऊ मीरपुरात आहे असं कळलं म्हणून तिकडे गेले आणि परत आले नाहीत. मी ते पान मिटून ठेवलं. कुणीतरी त्यांनाही सांगितलं होतं, तिकडं आहे.

बिहारी वस्तीत एक म्हातारी रोज संध्याकाळी पहाऱ्यावर चहा आणून द्यायची. साखर एवढी घालायची की चमचा उभा राहावा. सगळीकडे टंचाई असताना ती साखर कुठून आणायची कोण जाणे. हातात कप देताना तिचा हात हलायचा आणि ती म्हणायची, "पी लो बेटा." हा शब्द मला एका झटक्यात कळायचा. तिच्या घरात बिछाने तीन होते आणि माणसं दोन. तिसरा कुठे आहे, त्यानं नऊ महिने काय केलं, हे मी विचारलं नाही. चहा प्यायलो. हेही स्वागतच होतं, हारांशिवायचं. आम्ही गेलो की काय होईल हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती साखर घालत होती. मार्च 1972 मध्ये भारतीय फौजा बांगलादेशातून निघाल्या. त्या वस्त्यांतली पुष्कळ माणसं छावण्यांतच राहिली, त्यांची नातवंडं तिथंच जन्मली.

मी उन्हाळ्यात रजेवर आलो. आमच्याकडे तेव्हा दुष्काळ. स्टँडवर उतरलो तर गावचं कुणी घ्यायला आलं नव्हतं, सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. मला बरं वाटलं. घरी आईनं उंबऱ्यावर थांबवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी ओतलं. अगदी थोडं, चूळभर. मग दोन्ही हातांनी माझं तोंड धरून उजेडाकडे वळवलं. मी दचकून मागे सरलो. ती म्हणाली, "का रं? लागलंय का कुठं?"

संध्याकाळी ती तिकडच्या चौकश्या करत बसली. माणसं कशी, बाया काय नेसतात, खायला काय घालतात. चुरमुरे घातले म्हटल्यावर तिला हसू आवरेना. लढाईत चुरमुरे! मग मी तिला सांगितलं, ती माणसं पाण्याला पाणीच म्हणतात.

"खरंच?"

"हो. भाताला भात. हातालाबी हातच."

"आपल्यासारखंच की," ती म्हणाली. चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "आन् पोराला काय म्हणत्यात?"

मी तांब्या उचलून तोंडाला लावला. त्यात घोटभरच पाणी होतं, पण मी तो बराच वेळ तसाच धरून ठेवला.